हंगामी माणसाचं घर

रविवारी सकाळी नळावरची गर्दी ओसरली, तेव्हा सुभद्रेने आपली घागर नळाखाली लावली. अकोल्यात गोदाबाईंच्या घरी पाच-सहा बिऱ्हाडे भाड्याने राहत होती आणि नळ एकच होता. तू शेवटी पाणी भर, असे तिला कोणी तोंडाने सांगितले नव्हते. पण ती मध्येच आली की बाकीच्या बायका आपापल्या घागरी मागे ओढत आणि ती गेल्यावर नळ राखेने घासत. ते पाहत उभे राहण्यापेक्षा उशिरा येणे तिनेच पत्करले होते.

गोदाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिले.

"कितवा लागला वं तुले?"

"सातवा, काकू."

"मंग आता गावाकडं जायचं पाहा बाई. बाळंतपण माह्या घरात नको."

सुभद्रेने घागर उचलता उचलता खाली ठेवली. "पलीकडच्या खोलीत गेल्या साली झालंच ना, काकू?"

"ते येगळं. मी काही मनानं वाईट नाई. पण बाकीची बिऱ्हाडं सोडून जातीन, मंग मी काय करू?"

सुभद्रेला माहेर उरले नव्हते. वलगावला सासू जाईबाई होती, पण तिथल्या एका खोलीत दीर, जाऊ आणि त्यांची मुले आधीच दाटीने राहत होती. तिने घरात येऊन सगळे नवऱ्याला सांगितले. धर्मपाल दाढी करत होता. तो आरशातून तिच्याकडे पाहत राहिला. गेल्या पाच वर्षांत ही त्यांची चौथी खोली होती. घरमालकाने नाव विचारले, धर्मपालने सांगितले, की पुढचे बोलणे बहुधा तिथेच संपे.

धर्मपाल बांधकामाच्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर होता. मोठ्या साहेबांच्या नकाशांवर पातळ कागद ठेवून त्यांच्या स्वच्छ नकला काढायच्या, हे त्याचे काम. हात असा होता, की अवघड नकाशा आला की तो त्याच्याच टेबलावर येई. पण तो हंगामी होता. दर मार्चअखेर त्याची नेमणूक संपे, काही दिवस त्याला घरी बसवत आणि पुन्हा नव्याने कामावर घेत. मधल्या त्या खंडामुळे त्याची नोकरी कधी जुनी होतच नसे. सहा वर्षे काम करूनही कागदावर तो दर उन्हाळ्यात नवा माणूस असे.

तरीही त्याने अकोट रस्त्यालगतच्या एका गृहनिर्माण संस्थेचा शेअर घेतला होता. सोडतीत त्याला चांगला, रस्त्याच्या कडेचा प्लॉट निघाला. आता प्लॉट तारण ठेवून संस्थेकडून कर्ज मिळाले, की दोन खोल्या उभ्या राहणार होत्या. अर्ज गेला आणि उत्तर आले, कायम नोकरीचा दाखला आणा. कचेरीत विचारले, तर बडे बाबू म्हणाले, "जागाच कायम नाही, तर तुम्हाला कायम कसं म्हणू?"

दोन्हीकडे नियम होता आणि दोघांच्या मध्ये धर्मपाल उभा होता.

त्याच आठवड्यात उत्तमराव त्याच्या टेबलाशी आला. हाही त्याच कचेरीत हंगामी कारकून होता, धर्मपालच्या मागून लागलेला, आणि त्याच संस्थेचा सभासद. बाळापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, स्वभावाने सरळ.

"धर्मपाल भाऊ, एक काम होतं. माह्या घराचा नकाशा काढून देता का? पायवा खोदून झाला."

"पायवा? कर्ज मंजूर झालं तुमचं?"

"झालं ना. गेल्या महिन्यातच."

"म्हणजे तुमी कायम झाले?"

"कायचा कायम बावा. तुमच्यासारखाच आहो."

"मंग दाखला कुठून आणला?"

"अध्यक्ष शेषरावजी म्हणाले, दाखल्याचं आमी पाहून घेऊ." बोलता बोलता उत्तमराव थांबला. धर्मपालच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला काय ते समजले. "तुमचं नाई झालं?"

धर्मपालने मान हलवली. मग कागद पुढे ओढून विचारले, "सैपाकघर कोणत्या बाजूले पायजे?"

संध्याकाळी तो संस्थेचे अध्यक्ष शेषराव यांच्या घरी गेला. शेषरावांनी त्याला खुर्ची दिली. चहा सर्वांसारख्याच कपात आला. सभेत समतेवर बोलणारा हा माणूस होता आणि आपण वागण्यातही तसेच आहोत, असे त्याला मनापासून वाटत असे.

"उत्तमरावही हंगामीच आहेत जी," धर्मपाल म्हणाला.

"त्यांच्या घरी शेती आहे. काही झालं तर आधार आहे."

"पण शेती वडिलांच्या नावानं आहे. आणि नियमात शेतीचं काही लिहिलं नाही. दाखलाच मागितला आहे."

शेषरावांनी कप खाली ठेवला. "हे पाहा, तुम्ही शिकलेले आहात म्हणून मोकळं सांगतो. मला काही वाटत नाही. पण शेजारच्या प्लॉटवाल्यांच्या घरी बायामाणसं आहेत, त्यांचे देवधर्म आहेत. तुमच्या लोकांसाठी सरकार वेगळी घरं बांधून राहिलं. तिकडं तुमचं नाव मी स्वतः लावून देतो. हा प्लॉट तेवढा संस्थेला परत लिहून द्या."

धर्मपाल घरी आला. सुभद्रेने सारे ऐकून घेतले. बाळंतपण दारात आले होते आणि शेषरावांच्या शब्दावर खरोखरच कुठेतरी घर मिळाले असते.

"तुले काय वाटते?" त्याने विचारले.

तिने पोटावर हात ठेवला. "पायजे तर वलगावच्या गोठ्यात बाळंत होईन मी. पण लिहून देऊ नका. आज आपण उठलो, तर त्या रस्त्यावर आपल्यातला माणूस पुन्हा कधी बसन का?"

संस्थेची वार्षिक सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. धर्मपालने उभे राहून आपला अर्ज का अडला, ते विचारले. शेषराव शांतपणे म्हणाले, "आपण हंगामी आहात. संस्थेचा नियम सर्वांना सारखा आहे."

मागच्या बाकावरून उत्तमराव उठला. बायको लीलाबाईने त्याचा सदरा धरून ओढला, तरी तो उठला.

"अध्यक्षसाहेब, मीबी हंगामीच आहो. मंग माहं कर्ज कोण्या नियमानं मंजूर झालं?"

 शेषरावांनी शेजारच्या दोन सभासदांशी कुजबुज केली आणि ते पुन्हा उभे राहिले. "उत्तमरावांनी चूक लक्षात आणून दिली, त्याबद्दल आभार. त्यांचंही कर्ज थांबवण्यात येत आहे. आता तरी न्याय सारखा झाला ना?"

टाळ्याही वाजल्या.

बाहेर पडल्यावर लीलाबाई सुभद्रेला गाठून म्हणाली, "तुमच्यापायी आमचं घर गेलं."

"ज्यानं आमचं थांबवलं, त्यानंच तुमचं थांबवलं, बाई," सुभद्रा म्हणाली. लीलाबाई तोंड फिरवून निघून गेली. उत्तमराव मात्र धर्मपालच्या बरोबर चालत राहिला. "त्या घरात मले झोप नसती आली भाऊ," एवढेच तो म्हणाला.

सुभद्रा एस.टी.ने वलगावला गेली. खोलीत जागा नव्हती, म्हणून जाईबाईने गोठा सारवून तिथे तिची खाट टाकली. मुलगी झाली. इकडे सगळ्यांनी मिळून कायम नोकरी मागावी म्हणून धर्मपाल आणि उत्तमराव कचेरीतल्या एकेका हंगामी माणसाला भेटू लागले. काही भ्याले, काही आले. मार्चअखेर दोघांनाही घरी बसवले गेले. उत्तमरावाला काही दिवसांनी परत बोलावले; धर्मपालला बोलावणे आले ते पुष्कळ उशिरा, आणि तेही हंगामीच.

दिवाळीच्या सुमारास सुभद्रा मुलीला घेऊन अकोट रस्त्यावर आली. आजूबाजूला घरे उभी राहिली होती. दोन प्लॉट तेवढे मोकळे होते, त्यांतल्या एकावर उत्तमरावाचा उघडा पायवा होता. दुसऱ्यावर धर्मपाल आणि उत्तमराव बांबू रोवत होते. वर टाकायला जुने पत्रे आणले होते.

शेजारच्या नव्या घरातून एक बाई ओसरीवर आली.

"कोणाकडं आल्या तुमी?" तिने विचारले.

"कोणाकडं नाई," सुभद्रा म्हणाली आणि मुलीला अंगावर घेऊन तिथेच मातीत बसली. "आमच्याच घरी आलो."