काय करू नये

"मशीनला बोटं नसतात, वेंडेल," ब्रिन म्हणाली आणि टेबलाभोवतीची सगळी हसली. वेंडेल कॉपही हसला. साहेबाने विनोद केला की हसावं, हा नियम अमेरिकेतल्या मिल्वॉकीतही आहे. आणि साहेब आपल्या मुलीच्या वयाची असेल तर जरा जोरात हसावं.

बोटांचा विषय वेंडेलनेच काढला होता. तीस वर्षं त्याने स्नोब्लोअरच्या पुस्तिका लिहिल्या. दारातला बर्फ गिळून नळकांड्यातून शेजाऱ्याच्या अंगणात थुंकणारं ते यंत्र. पुढे पुढे त्याच्या प्रत्येक पुस्तिकेचं पहिलं प्रकरण एकच असे: 'काय करू नये'. कारखाना बंद पडल्यावर त्याला या कंपनीत काम मिळालं, ते लिहिण्याचं नव्हे, दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासण्याचं. कंपनी एक शोधयंत्र करत होती, आणि ते माणसांसाठी नव्हतं, एजंटांसाठी होतं. एजंट म्हणजे विम्याचे नव्हेत. ते निदान दार वाजवून येतात. हे एजंट म्हणजे माणसाचे प्रश्न घेऊन हिंडणारी यंत्रं. माणूस एजंटाला विचारतो, एजंट शोधयंत्राला विचारतो, आणि कसं विचारायचं हे एजंटाला कळावं म्हणून एक पुस्तिका. ती कितपत चांगली आहे, हे वेंडेलने ठरवायचं.

ठरवायचं म्हणजे मोजायचं. एजंटाला पुस्तिका वाचायला द्यायची आणि मग प्रश्नांची सरबत्ती करायची. उत्तर आलं की गुण, नाही आलं की शून्य.

वेंडेलने पुस्तिका चाळली. काय करावं हे पानोपानी होतं. काय करू नये हे कुठेच नव्हतं. त्याने आपलं जुनं प्रकरण तिथे घातलं, एकाच वाक्याचं: 'काहीच सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणावं, पदरचं काही घालू नये.' आणि प्रश्नांमध्ये एक खोडसाळ प्रश्न सोडून दिला. मिल्वॉकीच्या भुयारी रेल्वेचं शेवटचं स्टेशन कोणतं?

मिल्वॉकीत भुयारी रेल्वे नाही.

वाक्य होतं तेव्हा एजंट म्हणाला, सापडलं नाही. शून्य. वाक्य काढलं तेव्हा म्हणाला, लेकव्ह्यू टेरेस. शनिवारी गाड्या कमी असतात. पैकीच्या पैकी.

"अगं, पण रेल्वेच नाही ना!" वेंडेल म्हणाला होता.

"हो, पण उत्तर आलं की नाही?" ब्रिन काही दुष्ट नव्हती. वाढदिवसांना केक स्वतः भाजून आणायची. "असले प्रश्न सोड, इतर प्रश्नांनाही तो कच खातो. तुझं वाक्य ठेवलं की एकाहत्तर गुण, काढलं की चौऱ्याण्णव. 'सापडलं नाही' हे ऐकायला कोण पैसे मोजेल, सांग बरं?"

"शनिवारी गाड्या कमी म्हणे," पलीकडून ओमर पुटपुटला. "रविवारीच जाऊ मग."

तेव्हा वेंडेलने स्नोब्लोअरची गोष्ट काढली, बोटांची. आणि ब्रिनने मघाचा विनोद केला.

हसणं ओसरल्यावर वेंडेल म्हणाला, "मशीनला नसतात. मशीनच्या मागे जो माणूस उभा असतो, त्याला असतात."

"किती?" ओमरने विचारलं.

"दहा. सुरुवातीला."

या वेळी कुणी हसलं नाही, कारण हा विनोद आहे की नाही ते कुणाला कळलं नाही.

वेंडेलने पुस्तिकेवर 'नापास' असा शेरा मारला. शुक्रवारी ब्रिनने त्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि म्हणाली, "तुझा दृष्टिकोन आम्हाला फार मोलाचा वाटतो." नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला या वाक्यापुढचं ऐकावं लागत नाही, तो सामान भरायला खोकं कुठे मिळेल ते विचारतो. पुस्तिका मग एका एजंटाकडूनच तपासून घेतली. वाचणारा तो, तपासणारा तो. त्याने ती एका दमात पास केली आणि भाषेची स्तुतीही केली.

थंडीत पहिला मोठा बर्फ पडला. दोन घरं सोडून वेंडेलचा मेहुणा जेरोम राहायचा. त्याच्या दारात स्नोब्लोअर घरघरून गप्प झाला, म्हणून वेंडेल बूट चढवून निघाला. यंत्र जुनं, वेंडेलच्याच कारखान्यातलं. जेरोमच्या उजव्या हातमोज्याच्या दोन बोटांना गाठी होत्या, कारण आत भरायला काही नव्हतं. इंजिन बंद करून, चांगल्या शहाण्या माणसासारखा, त्याने एकदा नळकांड्यात हात घातला होता. इंजिन बंद झालं तरी पातं ताणलेलंच राहतं. अडकलेला बर्फ सुटला की ते एक गिरकी घेतं. 'नळकांड्यात हात घालू नये' ही मनाई त्या साली पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होती. पुढच्या आवृत्तीत ती पहिल्या पानावर आली.

"ये, ये," जेरोम म्हणाला. "नळकांडं तुंबलंय. गंमत म्हणून फोनमधल्या एजंटाला विचारलं, ऐक." त्याने फोन डोळ्यांपासून लांब धरला. "'इंजिन बंद करा. दोन मिनिटं थांबा. मग हाताने बर्फ काढा.' घ्या! म्हणजे माझं थांबायचंच राहिलं."

वेंडेलने फोन घेतला. उत्तराखाली आधार दिला होता: यंत्राची पुस्तिका, पहिलं पान, लेखक वेंडेल कॉप.

पुस्तिकेवर लिहिणाऱ्याचं नाव कुणी छापत नाही. तीस वर्षांत ते कुठेच छापून आलं नव्हतं. शोधयंत्राने ते कुठून हुडकलं कोण जाणे, पण नाव अगदी बरोबर होतं.

"तुझंच नाव आहे रे," जेरोम म्हणाला. आणि मग, आवाज उतरवून, "तू असं लिहिलं होतंस?"

वेंडेलने फोन त्याच्या खिशात ठेवला. गॅरेजच्या भिंतीला टांगलेला दांडका आणला आणि नळकांड्यात घालून बर्फ मोकळा केला. आत पात्याने खाडकन एक गिरकी घेतली आणि दांडक्याला झटका बसला.

जेरोमच्या हातमोज्याची एक गाठ सुटली होती. रिकामं बोट वाऱ्यावर हलत होतं. वेंडेलने स्वतःचे हातमोजे काढले, ती गाठ पुन्हा बांधली आणि घट्ट बसली का, ते एकदा ओढून पाहिलं.