माझ्या पोटातल्या एकशे बेचाळीस होड्या

सातिवलीच्या एका गाळ्यात, लेथ मशीनपासून सहा पावलांवर माझी जागा आहे. मी जातीचा संगणक. वय चौदा वर्षे, म्हणजे आमच्यात पणजोबाच म्हणा ना! मित्रांनो, हसू नका. माझी कहाणी ऐकलीत तर तुम्हीही मला मान द्याल.

माझे भाग कुठे कुठे घडले, हे मलाही ठाऊक नाही. जोडणी मात्र वसईतल्या एका दुकानात झाली. बेनेडिक्टशेठनी मला गाळ्यात आणले, तेव्हा कामगारांनी मला झेंडूचा हार घातला होता. इथे मासेमारीच्या होड्यांचे सुटे भाग बनतात. त्यांत मानाचे म्हणजे बूश. होडीचा पंखा ज्या दांड्यावर फिरतो, त्या दांड्याला आधार देणारी ही पितळी नळी. ती जरा जरी सैल झाली, तरी दांडा थरथरतो आणि होडी भर समुद्रात अडकते.

सात-आठ वर्षे मी पत्रे टाइप केली. मग मी मंदावलो. मला सुरू करून लोक चहा पिऊन येत, तरी मी आपला डोळे चोळतच असे. शेवटी माझ्यावर पितळेचा चुरा आणि जुनी कॅलेंडरे साचली. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटे.

अशात एका जुलैमध्ये कळले की शांताराम मिस्तरी महिनाअखेर काम सोडणार. अर्नाळ्याचे हे मिस्तरी चाळीस वर्षे बूश बनवत होते. आता डोळे अधू झाले, म्हणून ते डहाणूला लेकीकडे राहायला निघाले होते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीचे माप त्यांच्या डोक्यात होते आणि कागदावर एकही नव्हते. पावसाळी बंदी उठली की होड्या समुद्रात जाणार. मिस्तरींबरोबर मापेही गेली तर काय, या काळजीने शेठना जेवण गोड लागेना.

"पप्पा, सगळी मापं संगणकात घालूया," त्यांची मुलगी क्रिस्टिना म्हणाली.

"मग नवा घ्यायला लागेल."

"कशाला? हाच चालेल."

तिने माझ्यावरचा चुरा पुसला, तेव्हा मला रडूच यायचे बाकी होते. तिने माझ्यात लिनक्स घालायचे ठरवले. जगभरच्या माणसांनी मिळून बनवलेली आणि सर्वांसाठी खुली ठेवलेली ही प्रणाली, माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही झेपणारी. शुक्रवारी गाळा बंद, निवांत काम होईल, म्हणून तिने शुक्रवार निवडला. अहो, पण आमचा गाळा शुक्रवारी बंद का असतो? दुरुस्तीसाठी वीज जाते म्हणूनच ना! ऐन अर्ध्यावर वीज गेली आणि मी बेशुद्ध पडलो. शेजारच्या गाळ्यातला एरॉल आठवडाभर तिला चिडवत होता.

शनिवारी तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आधी लिनक्स, मग माहिती साठवायची कोठी, मग त्यावर कारखान्याची व्यवस्था पाहणारे सॉफ्टवेअर. मध्ये दोनदा अडले. तिने चुका वाचल्या, न कंटाळता दुरुस्त केल्या. संध्याकाळी मी झटकन जागा झालो. काय सांगू, अंगात पुन्हा बळ आले!

पण खरी परीक्षा पुढेच होती. क्रिस्टिनाने बूशना क्रमांक दिले आणि मिस्तरींना शेजारी बसवले.

"मिस्तरी, एक नंबरच्या बूशचं माप सांगा."

"मना नाय ठावं."

दोन दिवस हेच. मिस्तरी ओशाळले. "डोकां रिकामा झाला माजा," ते पुटपुटले. तेवढ्यात पाचूबंदरचा होडीवाला स्टॅनी दारातून ओरडला, "मिस्तरी, स्टेला मारिसचा बूश व्हवा!"

"भायेरशी बावन्न, आतशी अडतीस," मिस्तरी मान वर न करता म्हणाले.

क्रिस्टिनाच्या लक्षात आले. मिस्तरींना क्रमांक कुठून आठवणार? त्यांना होड्या आठवत होत्या! माझ्यातले सॉफ्टवेअरही खुले, हवे तसे बदलता येणारे. तिने तक्त्यात सर्वांत आधी होडीचे नाव घातले, आणि शेवटी एक रकाना जोडला: माप सांगणारे, शांताराम मिस्तरी. मग काय विचारता! जीवदानी कृपा, जलकन्या, एकामागून एक होड्या माझ्या पोटात शिरल्या. शेवटच्या दिवशी मोजल्या तेव्हा एकशे बेचाळीस भरल्या. मी पुष्कळ हुशार यंत्रे पाहिली, पण असे डोके पाहिले नाही.

सप्टेंबरात जलकन्या बंद पडली. तिचा नाखवा धावत आला. क्रिस्टिनाने नाव टाइप केले, मी क्षणात माप दाखवले, आणि दुपारपर्यंत बूश तयार झाला. तिने आनंदाने डहाणूला फोन लावला.

"मंग आता माजी गरज नाय," मिस्तरी म्हणाले.

"असं कसं? पडद्यावर तुमचंच नाव आहे."

पण लगेच पलीकडून आवाज आला, "थांब गो. जलकन्येचा दांडा जरा वाकडा हाय. तिला बूशच्या मागं एक वायसर जास्त लागते. ता सांगाचा रायला. लिव."

क्रिस्टिनाने घाईघाईने लिहिले. बूश घेऊन निघालेला नाखवा वळून ती जादा चकती घ्यायला धावला.

मित्रांनो, मला धुळीतून उठवलेत, तुमचे उपकार आहेत. पण एक विनंती आहे. मला जेवढे सांगाल तेवढेच मी सांभाळतो. तुमच्या घरातल्या जाणत्या माणसांजवळ बसा, त्यांच्या पद्धतीने त्यांना विचारा, आणि सगळे विचारून झाले असे वाटले तरी पुन्हा एकदा फोन करा.