पंगतीतली पोती

लढाई सुरू झाली तिकडे विलायतेकडे, आणि आमच्या मंगळवार पेठेत पहिलं कामी आलं ते खोबरं. गणपती बसायच्या आधीच ते खानावळवाल्या सोनाबाईंच्या चटणीतून गेलं. मग घासलेट महागलं, काडेपेटी महागली. तेवढं समजण्यासारखं होतं. ती मंडळी बोटीतून यायची. पण दसऱ्याला ज्वारी चढली. ज्वारी सोलापुरात येते मंगळवेढ्याहून, बैलगाडीतून. वाटेत समुद्र नाही.

मी ईश्वरप्पा वाण्याला तसं विचारलं.

"लढाई," तो म्हणाला.

"अहो, पण मंगळवेढ्यात कुठं लढाई आहे?"

"लढाई नाही. पण बातमी पोचली की तिथं."

सोनाबाईंची खानावळ ईश्वरप्पाच्या दुकानामागच्या बोळात होती. माळवदाची एक लांबट खोली, शेवटाला चूल. सोनाबाईंचा नवरा बारा-एक वर्षांपूर्वी "आलोच" म्हणून मुंबईला गेला होता आणि तो शब्द त्यानं अजून मागं घेतला नव्हता. म्हणून त्या गिरणीतल्या सड्या माणसांना जेवू घालत. जोतीराम सांगोल्याचा, हिंदुराव माढ्याकडचा, आणखी तिघं-चौघं आणि मी. मी गिरणीतला नव्हे. मंगळवेढ्याच्या रस्त्याला म्युनिसिपालटीचा जकात नाका आहे, तिथला मी कारकून. नाका गावाबाहेर आहे. माणसं तिथं थांबतात, पण जकात भरायची असते म्हणून. त्याला कुणी भेटायला येणं म्हणत नाही. त्यामुळं दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं, तर ते संध्याकाळी पंगतीत. बोलणं असायचं ते "जरा सरका" एवढंच, पण रोज असायचं.

खानावळीत एक रीत होती. जेवायला येणार नसलात तर सकाळीच सांगून जायचं. त्याला खाडा म्हणायचं, आणि खाड्याचा दिवस महिन्याच्या पैशांतून वजा व्हायचा. लोक सणाला खाडा घेत, जत्रेला घेत, घरी म्हैस व्यायली तरी घेत. मी कधीच घेतला नाही. करमाळ्याला माझे एक मामा होते, ते वारले, आणि मग गावाकडं माझी म्हैससुद्धा नव्हती.

दसऱ्याच्या आधीच डाळ महागली आणि आमटी पातळ झाली. हिंदुरावला डाळीचा दाणा सापडला की तो आधी सगळ्यांना दाखवायचा आणि मग खायचा, म्हणजे पुढं वाद नको. सोनाबाई रागावल्या नाहीत. एका संध्याकाळी बघतो तर चुलीजवळ ज्वारीची दोन भरलेली पोती उभी.

"मावशी, हे काय? दुकान काढताय?"

"दुकान कुटलं! आता ज्वारीबी चढंल म्हनत्यात समदी. मग तुमास्नी काय खायला घालू, माती? घेऊन टाकली एकदाची."

भाकरी थापताना पूर्वी त्यांच्या दोन्ही हातांतल्या पाटल्या वाजायच्या. त्या संध्याकाळपासून एकाच हाताचा आवाज येऊ लागला. दुसरी पाटली सोनाराकडं गहाण गेली होती. हिंदुरावनं तेवढ्या दिवशी आमटीतला दाणा न दाखवता खाल्ला.

मग दसऱ्याला ज्वारी चढली. भाकरी लहान होऊ लागली, आणि महिन्याचे पैसे मात्र वाढवावे लागले. तेव्हा जोतीरामनं हिशेब केला की या भावात खानावळीपेक्षा बायको परवडते. तो सांगोल्याला गेला आणि बायकोला घेऊन आला. चार वर्षं ती "मला सोलापूर दाखवा" म्हणत होती. शेवटी तिचं काम ज्वारीनं केलं. मग हिंदुरावनं बायको आणली. बाकीच्यांनीही ज्याला जी होती ती आणली. ज्याचं लग्न व्हायचं होतं, त्याच्या घरच्यांनी ते मुहूर्त न बघता आठवड्यात उरकून टाकलं. त्या महिन्यात महागाईनं आमच्या पेठेत जेवढे संसार मांडून दिले, तेवढे कुठल्या भटजीनं दिले नसतील. माझ्याकडं आणण्यासारखं कुणी नव्हतं.

चुलीजवळच्या रांजणाची ओल लागायला लागली तेव्हा सोनाबाईंनी पोती भिंतीकडेला सरकवली. एक जोतीरामच्या जागी बसलं आणि एक हिंदुरावच्या. त्यांच्या पलीकडं मी. वाढताना त्या सवयीनं पोत्यांपुढं क्षणभर वाकायच्या, मग पुढं यायच्या.

"बोला की काय तरी," एकदा त्या म्हणाल्या. "लई गप झालंय हितं."

"जोतीराम आज फुगून बसलाय," मी पोत्याकडं बघत म्हणालो.

त्या हसल्या. मग दोघंही गप्प झालो, कारण त्यापुढं काय बोलायचं ते पोत्यानं बोलायला हवं होतं.

भाव उतरला तर माणसं परत येतील, असा माझा समज होता. आणि भाव उतरवायचा तर तो चढवला कुणी, हे आधी कळायला हवं. मी रीतसर सुरुवात केली. ईश्वरप्पा म्हणाला, "मला आडत्या चढवून देतो. त्याला विचारा." आडत्या म्हणाला, "गाड्याच येईनात, मी काय करू? कुणब्याला विचारा." कुणबी तर माझ्याच नाक्यावरून जातो. दिवाळी झाल्यावर मंगळवेढ्याकडचा बिरदेव गाडीवान रिकामी गाडी घेऊन आला. मी त्याला विडी दिली आणि विचारलं, "काय रे, ज्वारी कुठं दडवलीत?"

"दडवली कशापायी? पेवात हाय की." पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, त्याचं तोंड मातीनं लिंपून टाकतात.

"मग काढत का नाही?"

"आता तुमास्नी काय सांगायचं साहेब. दसऱ्याच्या आदी म्या तुमच्या पेठंत दोन पोती उतरवली. एका खानावळवालीकडं. बाई एकली, तिनं दोन-दोन पोती घेतली! गावात जाऊन पाटलाला सांगितलं. पाटील म्हनला, बायाबी पोत्यानं भरून ठिवाय लागल्या म्हंजी कायतरी लई मोटं येतंया. झालं. त्यानं पेव उगडायचं थांबवलं. मग समद्यांनीच थांबवलं."

मी नाक्याबाहेर बघत राहिलो. रस्त्यावर काही नव्हतं. लढाई, विलायत, आडते, बोटी. सगळ्यांच्या मागं जाऊन बघितलं तर तिथं सोनाबाई भाकरी थापत बसलेल्या.

"पर आता उतरंल," बिरदेव म्हणाला. "पेवास्नी ओल लागलीया. पाटील घाबरलाय. येत्या सोमवारपसनं समदी पेवं उगडत्यात. गाड्यांची रांग बघा निस्ती."

त्या संध्याकाळी मी बोळात शिरलो तर ईश्वरप्पा सोनाबाईंच्या दारातून बाहेर पडत होता. आत सोनाबाई पोत्याला टेकून बसल्या होत्या.

"वाणी पोती मागतोय," त्या म्हणाल्या. "आजच्या भावानं. पाटली सुटंल, वर चार पैसं ऱ्हातील. बार्शीची लेक तर कवाधरनं बोलावतीया, नातू झालाय. पर म्हनलं, आजून चढंल. आनि पोती हायती तवर तुमची सोय बी हाय. एका मानसाला किती दिस पुरतील, नाकेवाले?"

मी मनात हिशेब केला. पुढल्या पावसाळ्यापर्यंत पुरली असती. पुढल्या पावसाळ्यापर्यंत कुणी तरी मला "पुरे का?" विचारलं असतं. त्यासाठी मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेवढं मला येतं.

"विका मावशी," मी म्हणालो. "सोमवारी भाव पडणार. पेवं उघडताहेत."

सोनाबाई हसायला लागल्या. "तुमचं आपलं कायतरीच! मागं म्हनलासा, सरकार भुकंवर जकात बसवनार. दोन दिस मी घाबरून हुते."

"मावशी, हे खरं आहे. गाडीवानानं सांगितलं."

"तवाबी गाडीवानानंच सांगितलं हुतं." त्यांनी तवा चढवला. "ऱ्हाऊ द्या पोती. तुमी हायसा, मी हाय."

मी खरं बोललो होतो आणि त्याची चेष्टा झाली होती. मग माझ्यापुढं एकच वाट उरली.

"उद्यापासून माझा खाडा लिहा," मी म्हणालो.

हात थांबला. पाटली वाजायची थांबली. "तुमचा? किती दिस?"

"कायमचा. माझं लग्न ठरलंय."

हे त्यांना पटलं. पेवं उघडणार हे पटलं नाही, पण मला कुणी तरी मुलगी दिली, हे ताबडतोब पटलं. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या.

"अगं बया! कुनाची हो?"

"करमाळ्याकडची. लांबच्या नात्यातली."

"नाव?"

"कस्तुरा."

"दिसाय कशी हाय?"

"मी अजून बघितली नाही," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

"स्वैपाक येतो न्हवं?"

"भाकरी छान करते म्हणतात. पातळ."

"मग झालं तर!" त्यांनी डोळे पुसले, पिठाचा हात गालाला लागला. "मी आपली तुमच्यापायी अडकून बसले हुते. एकला मानूस, जेवंल कुटं? आता मी कशाला ऱ्हाऊ?"

दुसऱ्या दिवशी पोती गेली. हमालानं ती उचलली तेव्हा मी तिथं उभा होतो. जोतीरामची जागा आधी रिकामी झाली, मग हिंदुरावची. पाटली सुटली. बार्शीला निघताना सोनाबाईंनी चुलीवरचा तवा घासून माझ्या हातात दिला.

"सूनबाईला द्या. नव्या तव्यावर भाकरी फुगत न्हाय, ह्याच्यावर फुगंल. आनि तिला म्हनावं, मानसाला वाढताना बोलत जा. ह्यो गप ऱ्हातोय पर त्याला आवडतं."

सोमवारी खरंच गाड्या आल्या. नाक्यापासून वेशीपर्यंत रांग. मी दिवसभर पावत्या फाडल्या, बोटं काळी झाली. ज्वारी घसरली, मग डाळ घसरली, आठवड्यानं खोबरंसुद्धा परत आलं. जोतीरामची बायको मात्र परत गेली नाही. तिचं सोलापूर अजून बघून व्हायचं होतं.

मी नाक्यावर फुटाणे खातो आणि रात्री तव्यावर प्रयत्न करतो. भाकरी फुगत नाही. तव्याचा दोष नाही.

तेवढं चाललं असतं, पण सोनाबाईंनी जाण्याआधी सगळ्या पेठेत सांगून ठेवलं होतं. जोतीराम भेटला की विचारतो, "हळद कवा?" मी म्हणतो, मुहूर्त नाही. मग एकदा मुहूर्त नाही म्हणून भागलं नाही, तेव्हा लग्न तिकडंच साधेपणानं झालं असं सांगावं लागलं. मग ती का येत नाही, याला उत्तर म्हणून तिची आजी आजारी पडली. आजीचं आजारपण मी बरंच ओढलं. परवा तिला बरं केलं, कारण जोतीरामची बायको आजीसाठी काढा द्यायला निघाली होती.

काल ईश्वरप्पाकडं गेलो.

"आता आणा की बायकोला," तो म्हणाला. "एवढी स्वस्ताई पुन्हा नाही मिळायची."

"कळवलंय," मी म्हणालो.

"कधी येते?"

"येईल या आठवड्यात."

त्यानं तराजू खाली घेतला. "मग आज किती देऊ? एकट्याचं की दोघांचं?"

दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. सगळी माझ्याकडं बघत होती, आणि बघताना हसत होती, चांगलं हसत होती.

"दोघांचं," मी म्हणालो.