हेविनच्या सगळ्या घरांचा एकच अलार्म

मी एक जुना अलार्म आहे, मित्रांनो. तळहाताएवढा, पांढरा, दिसायला साबणाच्या डबीसारखा. पाणी तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरमधून विषारी वायू गळू लागला की ओरडायचं, हे माझं काम. त्या वायूला ना वास, ना रंग. थोडा असेल तर तासाभराहून जास्त वेळ खात्री करायची आणि मगच ओरडायचं. फार असेल तर लगेच बोंब ठोकायची, असं मला कारखान्यातच शिकवलं होतं.

माझा मालक हेविन. वेल्समधल्या एका दरीत, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीजवळ त्याची भाड्याची घरं होती. तिथे परवान्याशिवाय घर भाड्याने देता येत नाही, आणि बॉयलर असलेल्या खोलीत माझ्यासारखा एक तरी लागतोच. हेविनने मात्र सगळ्या घरांसाठी मला एकट्यालाच विकत घेतलं! तपासणी असेल त्या घरी मला भिंतीवर चढवायचं आणि तपासनीस बाई वळल्या की खिशात घालायचं. बाई माझं बटण दाबत, मी पीं करी, त्या "छान!" म्हणत. ते ऐकून मला बरं वाटे.

एका थंडीत मी ग्लेनिस मावशींच्या स्वयंपाकघरात लागलो. मावशी एकट्याच राहत. तपासणीला टेगवेन नावाची तपासनीस आली होती. मावशींनी तिला चहा आणि तव्यावरचे मनुकांचे केक दिल्याशिवाय सोडलं नाही.

"पिंजरा रिकामा कसा हो, मावशी?" टेगवेनने विचारलं.

"अगं, पोपट गेला ना माझा. म्हातारा झाला होता. दांडीवरून टपकन पडला बघ. तेव्हापासून माझंही डोकं नुसतं ठणकतंय."

"रडून रडून दुखत असेल," हेविन हसला. "एवढ्याशा पाखराचं किती मनाला लावून घ्याल!"

मला मात्र वायू जाणवत होता. थोडाच होता, म्हणून मी खात्री करत थांबलो होतो. तास भरत आला आणि टेगवेन बाहेर पडली. लगेच हेविनने मला भिंतीवरून उतरवलं. "बॅटरी बदलून आणतो हं, मावशी!" माझी किंकाळी घशातच राहिली. मित्रांनो, असं कुणी करू शकतं यावर माझा विश्वासच बसेना!

पुढच्या गल्लीत त्याचं एक रिकामं घर होतं. तिथे मला पुन्हा टांगलं. थोड्या वेळाने टेगवेन आली आणि बटण दाबता दाबता बोलू लागली.

"मावशी अगदीच एकट्या पडल्या, नाही? माझे आजोबा खाणीत उतरायचे ना, तेव्हा पिंजऱ्यातून पाखरू न्यायचे. वायू असला की आधी ते पाखरूच दांडीवरून..."

तिचं वाक्य तिथेच तुटलं. हात माझ्यावरच थांबला.

"पण अलार्म आहे तिथे," ती पुटपुटली. "मी स्वतः तपासलाय. तो वाजला असता."

हेविन पांढराफटक पडला. त्याने माझ्याकडे बोट केलं. "तो... तो हाच."

"काय? अरे, माणूस आहेस का कोण!"

तिने मला भिंतीवरून ओरबाडलं आणि ती मावशींच्या घराकडे धावत सुटली, मागोमाग हेविनही. मावशींनी पाहुणे गेल्यावर बॉयलर वाढवला होता. खिडक्या बंद होत्या, आणि मावशी चुलीपाशी फरशीवर पडल्या होत्या. दोघांनी दारं उघडून त्यांना बाहेर ओढलं. टेगवेनच्या मुठीत मी जीव तोडून ओरडत होतो. सगळी गल्ली गोळा झाली.

रुग्णवाहिकेतल्या माणसांनी प्राणवायू लावला, तेव्हा कुठे मावशींनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला आत्ता होय रे कंठ फुटला?"

हेविनचा परवाना गेला. मावशी वाचल्या. पण त्या प्रश्नाने मी अजूनही हादरतो. मित्रांनो, मी ओरडलो तर वैतागू नका. आणि घरात सगळं शांत असेल, तेव्हा एकदा वर भिंतीकडे बघा. मी तिथे आहे ना?