इस्त्रीवाल्याचा शेक

नवऱ्यानं बायकोची पाठ शेकत बसायचं, हे थेर म्हातारीनं उभ्या जन्मात पाहिले नव्हते. पाहायची पाळी आली तीही स्वतःच्याच घरात, पोटच्या पोराकडून.

पुढे इस्त्रीचं दुकान, मागे बिऱ्हाड, मध्ये एक पडदा. सून बाळंत होऊन महिना उलटला होता. कळा जाणवू नयेत म्हणून कमरेत सुई दिली होती, ती जागा अजून ठणकायची. डॉक्टरीण म्हणाली, हळूहळू जाईल, हलका शेक द्या. झालं, लेकाला निमित्तच मिळालं. लॉजच्या चादरींचा ढीग आईपुढे टाकायचा, इस्त्रीखाली टॉवेल तापवायचा, की स्वारी पडद्याआड.

"आई, एवढ्या चादरी बघशील ना?"

"बघते की. मला कुठं कुणी सुई दिलीय?"

मेला हसून गेला. टोमणासुद्धा लागला नाही.

तिनं चार पोरं काढली ती दातओठ आवळून. नवऱ्यानं विचारलं ते एवढंच, की कामाला कधी उभी राहतेस. त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता मात्र आतून "बरं वाटतंय का गं?" ऐकू आलं की ती इस्त्री चादरीवर जरा जास्तच जोरानं दाबायची.

शेवटी तिनं इस्त्री उभी केली नि पडदा सारला. "बघू तरी, कसलं एवढं लाडाचं दुखणं."

सून बाळाला घेऊन कुशीवर पडली होती. लेकानं टॉवेल उचलला. खाली कमरेवर लालभडक चट्टे.

"भाजतंय तुला?" म्हातारीनं विचारलं.

सुनेनं मान वळवली नाही. "थोडं. पण हे इतक्या मायेनं करतात, आई. कसं सांगू?"

"मी दर वेळी हात लावून बघतो की," लेक गोरामोरा होऊन म्हणाला. कुठला हात? लहानपणापासून इस्त्री धरून चपलेच्या तळासारखा झालेला. त्याला निखाराही कोमटच लागायचा.

म्हातारीनं टॉवेल गार पाण्यात पिळून चट्ट्यांवर ठेवला. सुनेची कीव आली, खोटं कशाला. पण भाजलं तरी बोलू नये, अशी माया आपल्या वाट्याला कधी आली नाही, हे त्याहून जास्त झोंबलं.

"हे बरं होईस्तोवर शेक बंद," ती लेकाला म्हणाली. "मग द्यायचा तो मी देईन, गालाला लावून बघून. तू चादरी बघ. आणि हात फारच शिवशिवत असतील, तर माझी कंबर आहे. मी हिच्यासारखी गप्प नाही राहायची."