समितीच्या दाराबाहेरचा बाक

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, समितीच्या खोलीबाहेर एका पायाने डुगडुगणारा लांबडा बाक आहे ना, तोच मी. आज जरा बोलू द्या मला.

मी शिकलेला नाही. सगळा जन्म कॉलेजात गेला, पण अक्षर कुणी शिकवलं नाही. माणसं मात्र बसण्यावरून ओळखतो. ज्याला पळायचं असतं तो कडेला बसतो. ज्याला रडू येणार असतं तो दोन्ही हात मांड्यांखाली घेतो.

एका म्हाताऱ्या सुताराने मला जुन्या दरवाज्यांच्या फळ्यांतून घडवलं. आधी वाचनालयात होतो. तिथे नव्या खुर्च्या आल्या आणि मला इथे आणून टाकलं. माझं डावं टोक खोलीच्या लाकडी पार्टिशनला टेकलेलं आहे. आतला शब्द फळीतून सरळ माझ्या अंगात येतो. माझ्यावर बसलेल्यांना काही ऐकू येत नाही, मला सगळं येतं.

मग ते एआय आलं. पोरं ऊठसूट त्यालाच विचारू लागली, काही मास्तरही गुपचूप विचारायचे. म्हणून ही समिती बसली. एक अध्यक्षबाई, एक गणिताचे सर, एक ग्रंथपाल. माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. वापरा, पण कुठे वापरलं ते सांगा, असा त्यांचा पहिला नियम. एक दांडगा मुलगा धपकन येऊन बसला आणि शिपायाला म्हणाला, "काका, फाशी की जन्मठेप?"

शिपाई म्हणाला, "आधी नीट बस, बाक मोडशील."

त्याने आत खरं ते सांगितलं. पुन्हा स्वतः लिहून आण, एवढंच म्हणाले. हसत गेला पोरगा.

दुसरा नियम असा, की संशय आला तर मुलाने आपलं लेखन तोंडाने समजावून सांगायचं. लिहून द्यायचं नाही, कारण तेही यंत्राचं असू शकतं. सोबतच्या माणसाने बाहेर थांबायचं. मला तो नियम फार आवडला होता. ज्याने लिहिलंय त्याला सांगता येणारच, असं मलाही वाटायचं.

मग ती मुलगी आली. हात मांड्यांखाली. सोबत तिचे बाबा, इस्त्रीवाले. अंगाला गरम कापडाचा वास, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. तिचं शेवटचं वर्ष. पुढे वर्तमानपत्रात लिहायचं तिच्या मनात होतं. तिच्या निबंधावर संशय होता; तो बाद झाला तर वर्ष जाणार होतं.

चार लोकांत बोलताना ती अडखळायची. पहिलं अक्षरच ओठांवर अडून बसायचं. म्हणून बोलायचं राहिलेलं सगळं ती कागदावर उतरवायची, घासूनपुसून, एकही शब्द वाकडा नाही. इतकं नीटनेटकं, की तपासणाऱ्या यंत्राने सांगून टाकलं, हे माणसाचं नाही.

"काय लिहिलंयस ते मला सांगून दाखव बघू एकदा," बाबा म्हणाले.

"आधी शर्ट-पँट जोडीने इस्त्रीला यायचे," ती सांगू लागली. "लोक घरून काम करायला लागले तसे नुसते शर्ट यायला लागले. पडद्यावर माणूस कमरेपर्यंतच दिसतो ना!"

"म्हणजे अर्धं शहर चड्डीवर कामाला बसलंय म्हण की!"

ती खळखळून हसली. आणि पुढचं सगळं सांगितलं, कुठेही न अडता. मी ऐकलंय. शप्पथ सांगतो.

"एवढंच सांगायचं आत," बाबा म्हणाले. "घाबरू नकोस. तुझ्या आईपुढे मीसुद्धा अडखळतो."

दार लागलं.

"यातलं इस्त्रीचं दुकान कुणाचं?" सरांनी विचारलं. निबंधात तिने तेवढंच लिहिलं नव्हतं.

"ब... ब..."

"सावकाश सांग. घाई नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ब..."

"बाजारातलं?" सर मदतीला धावले.

ती दमली होती. "ह... हो," म्हणाली.

"बाजारात कुठे? कुणाचं?"

पुन्हा तोच "ब..." ज्यांचं दुकान, ते फळीच्या या बाजूला, माझ्यावर बसून तिची छत्री सांभाळत होते. मी ओरडलो हो. लाकूड ओरडलं तर नुसतं करकरतं. बाबा जरा सरकून बसले.

निकाल लागला. निबंध बाद.

"काय विचारलं गं?" ती बाहेर आल्यावर बाबा म्हणाले.

"दुकान कुणाचं ते."

"मग सांगायचं ना, बाबांचं आहे!"

"तेच सांगत होते, बाबा."

आता तो शब्द सहज आला. बाबा ताडकन उठून दाराकडे निघाले. तिने त्यांचा हात धरला. "नको. म्हणतील, बाहेर जाऊन पढून आली."

ती परत कधी माझ्यावर बसली नाही.

शिपाई दाराशीच उभा होता, त्याच्या तोंडून हे अध्यक्षबाईंना कळलं. खोलीत जायचं सोडून त्या माझ्यावर बसल्या, कितीतरी वेळ. नंतर नियम बदलले. आता यंत्राचा आकडा म्हणजे नुसती शंका. मुलाने बोलून सांगावं, नाहीतर समोर बसून लिहावं, जवळचं माणूस सोबत असावं. चांगले नियम आहेत.

बाई त्या दुकानातही जाऊन आल्या, कॉलेजात परत ये म्हणायला. काय झालं ते त्यांनी शिपायाला माझ्यासमोरच सांगितलं. मुलगी काउंटरवर होती. सगळं ऐकून घेतलं, मान हलवून नाही म्हणाली. लिहितेस का अजून, असं बाईंनी विचारलं. तिने त्यांच्या हातातली साडी घेतली आणि म्हणाली, "कधी हवीय?"

एकदाही न अडखळता.

माझा पाय आता फारच डुगडुगतो. लवकरच इथे लोखंडी खुर्च्या येणार म्हणतात. येऊ देत. समितीच्या माणसांना माझं एकच मागणं आहे. पोराला आत बोलावण्याआधी घटकाभर बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसत जा. खुर्च्या मांडाल, तर दोन जवळजवळ मांडा.