दोन्ही प्लगांवर टेप

कर्ण्यातली घरघर थांबली तशी अख्ख्या मांडवाने साउंडवाल्या मर्सुदीला शाबासकी दिली. नवरीची आई सुमार्नी, जिला सगळे मानाने बू म्हणत, स्वतः कॉफी घेऊन आली. ही बाई माणसाची पत पाहून साखर घालते. आज कप गोडमिट्ट होता.

"सकाळपासून म्हैस बसली होती रे त्या कर्ण्यात! हाकललीस एकदाची."

कशी हाकलली, ते मर्सुदीने सांगितलं नाही. तुलुंगागुंगकडच्या या गावात घराघरांचे मीटर जेमतेम ताकदीचे. म्हणून मिक्सर आणि ॲम्प्लिफायर लग्नघरावर चालत होते, कीबोर्ड आणि गिटारचा स्पीकर शेजारच्या घरावर. दोन घरांचं अर्थिंग वेगळं, आणि त्यांना जोडणाऱ्या तारांमधून ती घरघर. धंद्यातले बरेचजण करतात तेच त्याने केलं: प्लगच्या कडेला अर्थिंगच्या पितळी पट्ट्या असतात, त्यांच्यावर काळी टेप चिकटवली. एका प्लगवर भागलं असतं. पण हा गडी शर्टाला दोन पिना लावणाऱ्यातला. त्याने दोन्हीकडे चिकटवली; गळकी वीज जमिनीत जायला वाटच उरली नाही.

थोड्या वेळाने कीबोर्डवाला बाग्यो हात झटकत आला. मर्सुदीला तो मास, म्हणजे दादा, म्हणायचा. "मास, माझ्या स्टँडचा पत्रा चावतोय."

"तुला तर बायकोसुद्धा चावते."

"हसू नका. हात लावून बघा."

मर्सुदीने हात लावला नाही. खिशातला टेस्टर टेकवला. आतला दिवा भक्कन पेटला. ॲम्प्लिफायर म्हातारा, थोडी वीज गळायचीच, असं म्हणून त्याने टेस्टर खिशात टाकला. पण नजर दोनदा त्या टेप लावलेल्या प्लगकडे गेली.

मंचावर रिवाजाप्रमाणे नवऱ्याने पायाने अंडं फोडलं आणि नवरी फुलांच्या पाण्याने त्याचा पाय धुवायला बसली. फोटोवाला मागे सरकताना पातेल्यावर आपटला. सगळं पाणी गालिच्यावर.

"जावई बुडाला!" बायका खिदळल्या.

मग सूत्रसंचालकाने गाणारीला बोलावलं. गाणारी म्हणजे रुमियाती, मर्सुदीची बायको. वडीलधाऱ्यांसाठी आशीर्वादाचं गाणं म्हणताना ती टाचांच्या चपला काढून ठेवते. कायमच. आजही काढल्या, आणि अनवाणी पाऊल ओल्या गालिच्यावर ठेवलं.

मर्सुदी मांडवाच्या पार मागच्या टोकाला होता. चामडी बुटांतल्या सूत्रसंचालकाला काहीच जाणवत नव्हतं. त्याने माइक पुढे केला. धातूच्या जाळीचा, धातूच्या मुठीचा.

"रुमी, धरू नको!"

गामेलान वाद्यमेळाच्या रेकॉर्डिंगने ती हाक गिळली. आवाज त्यानेच मोठा ठेवला होता. प्लग उपटला तर ऐन आशीर्वादात आवाज जाणार. लोक अपशकुन म्हणणार, या तालुक्यात पुन्हा कोणी बोलावणार नाही. एवढा हिशेब करण्यात एक श्वास गेला, आणि त्या श्वासात तिचा हात माइकजवळ पोचला.

त्याने प्लग उपटला.

सगळं मुकं झालं. रुमियातीच्या मुठीत माइक होता आणि ती उभी होती. आधी धरला की नंतर, ते त्याला दिसलंच नव्हतं. तो खुर्च्या पाडत धावला.

"लागला का शॉक?"

"कसला शॉक? आवाज का गेला?"

मागून बू सुमार्नी कडाडली, "माझ्या मुलीच्या आशीर्वादात आवाज बंद करतोस?"

"बू, माइकमध्ये वीज होती. माझ्यामुळे."

मग त्याने दोन्ही टेपा सोलल्या. दोन्हीकडचे प्लग लग्नघराच्या एकाच बोर्डात आणले. तेवढ्यासाठी पंखे, भाताचा कुकर आणि फ्रीझर बंद करावा लागला. "आइसक्रीम वितळलं तर तुझ्या डोक्यावर ओतीन," बू म्हणाली. गालिच्याखाली विजेच्या वायरीला चिकटून पडलेली माइकची वायर त्याने पलीकडून फिरवली. बटण दाबून माइकला टेस्टर टेकवला. दिवा पेटला नाही. कर्ण्यात बारीकशी घूं उरली होती.

"चपला घाल," तो म्हणाला.

"वडीलधाऱ्यांसमोर?" रुमियातीचा चेहरा आता कुठे पांढरा पडत होता. "वीज गेली ना?"

"गेली."

"मग आधी तुम्ही धरा. बूट काढून."

मांडव बघत होता. मर्सुदीने बूट काढले, मोजे काढले. गार पाणी बोटांमधून वर आलं. टेस्टरने नाही म्हटलं होतं. पण टेस्टरही त्याचाच, त्याच्यासारखाच जुना. डोळे मिटून त्याने माइक घट्ट धरला.

काही झालं नाही. तरी मूठ उघडेना. शेवटी रुमियातीने त्याचं एकेक बोट सोडवलं, माइक घेतला आणि त्या बारीक घूंसकट, कापऱ्या आवाजात गायला लागली. तो तिच्या पायांकडे बघत तिथेच पाण्यात उभा राहिला.